आमची सूनबाई नेमकं काय करते?

(रौप्यमहोत्सवी समारंभात दुसऱ्या दिवशी सायंकाळी केलेले भाषण. बोलताना जे राहून गेले ते लिहिताना जोडले आहे.)



सचिवांनी मला विषय दिला होता 'बँकेतील आठवणी आणि आपली सोसायटी'. मी त्यांना म्हटलं, बँकेच्या आठवणी तुम्ही सगळ्यांनी माझ्या ओट्यावर बसून इतक्यांदा ऐकल्या आहेत की तुम्हीच मला सांगाल. मला दुसरं बोलायचं आहे. ते म्हणाले, काय? मी म्हणालो, आमची सूनबाई दिवसभर काय करते, त्यावर. ते थोडे घाबरले. त्यांना वाटलं मी घरातलं भांडण माईकवर आणतो आहे. तसं थोडं आहेही. पण परवानगी सूनबाईची घेतली आहे, ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि मी चुकलो तर ती उठून दुरुस्त करणार आहे.

१९९९ साली आपण इथे प्लॉट पाडले तेव्हा सोसायटीत कोण काय करतो हे सांगायला एक शब्द पुरत होता. गुरुजी. फॉरेस्टवाले. राईस मिलवाले. रेल्वेवाले. बँकवाले साहेब. आता आपल्या चार गल्ल्यांत मी मोजली तर अकरा मुलं-मुली अशी आहेत की विचारलं तर आईवडील सांगतात, "कंप्युटरमध्ये आहे." म्हणजे कुठे? "कंपनीत." कंपनीत काय करतो? "कंप्युटरवरच असते जी काम." तिथे विषय संपतो. मुलगा फौजेत असला तर बाप सांगतो, कोणत्या पलटणीत, कोणत्या सीमेवर. धानाचा दलाल असला तर कोणत्या मिलला माल देतो तेही सांगतो. आणि या अकरांपैकी एकाच्याही बापाला पोराचं काम दोन वाक्यांत सांगता येत नव्हतं. त्यात मी आलोच.

२०२० च्या टाळेबंदीत मुलगा, सून आणि नातू पुण्याहून इकडे आले. पुढे मुलाला नागपूरला नोकरी लागली, तो शनिवार-रविवार येतो. सूनबाईच्या कंपनीने तिला घरूनच काम करायला सांगितलं होतं, नातू इथल्या शाळेत रमला, म्हणून ती आमच्याकडेच राहिली. आम्हा दोघा म्हाताऱ्यांना आनंदच झाला. वरची खोली तिला दिली.

आणि मग आपण सगळ्यांनी मिळून काय केलं ते आठवा. कुरिअरवाला आला, घर बंद आहे, तर पाकीट साहेबांच्या सुनेकडे द्या, ती घरीच असते. सिलिंडर येणार आहे, पैसे तिच्याजवळ ठेवा. बाजारात जायचं आहे, लेकराला तासभर तिच्याकडे बसवा. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा आहे, प्रिंटर अडला आहे, मोबाईल हळू चालतो आहे, तिला विचारा, ती कंप्युटरची आहे. एका वहिनींनी मला फाटकातच विचारलं होतं, "काहो साहेब, सूनबाईची नोकरी सुटली का? घरीच रायते आता?" मी काय उत्तर दिलं? मी म्हणालो, "नाही, थोडंफार करते कंप्युटरवर." थोडंफार! तिचा पगार माझ्या शेवटच्या पगारापेक्षा किती जास्त आहे ते मी इथे सांगत नाही. सांगितलं तर माझी पेन्शन लाजेल.

मी स्वतः यात सगळ्यांच्या पुढे होतो. ती कानाला ते हेडफोन लावून बोलत असायची आणि मी जिन्यातून हाक मारायचो, "सूनबाई, मंडळी आली आहेत, चहा टाक." ती यायची, चहा टाकायची, परत वर जायची. कधी बोलली नाही. आमच्या पिढीला असं न बोलणं म्हणजे संमती वाटते.

मे २०२२ मधली गोष्ट. संध्याकाळी वादळ उठलं. आपल्याकडचं उन्हाळ्याच्या शेवटचं वादळ तुम्हाला सांगायला नको. आमचा एक टीव्ही विजेने आधी जळला होता. म्हणून मी नेहमीप्रमाणे उठलो, मेन स्विच खाली ओढला, इन्व्हर्टर बंद केला, इंटरनेटचा डबाही काढून ठेवला आणि निवांत ओट्यावर बसलो. वर सूनबाई त्या क्षणी कंपनीच्या चालत्या कामात दुरुस्ती चढवत होती. अर्धी चढली, अर्धी राहिली. तुम्हाला समजेल असं सांगतो. व्हाउचर डेबिट बाजूला लिहिलं आणि क्रेडिट बाजूला लिहायच्या आत कोणीतरी लेजर हातातून ओढून नेलं, असं ते झालं. तिने मोबाईलवरून इंटरनेट जोडून, लॅपटॉपची बॅटरी संपत आली तर गाडीत बसून चार्ज करून, पहाटे तीन वाजेपर्यंत ते निस्तरलं. मी झोपलेलो होतो.

सकाळी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर ती मागच्या दारी फोनवर मुलाला सांगत होती, "जूनपासून मी पुण्याला जाते. इथे मी काम करते असं कोणाला वाटतच नाही."

रागाने बोलली असती तर मीही रागावलो असतो. ती अगदी साध्या आवाजात बोलली, जसं आपण म्हणतो की दूध संपलं आहे. छत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस मी. माझ्या टेबलावरून कोणी लेजर ओढलं असतं तर मी काय केलं असतं?

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी तिला म्हणालो, "सूनबाई, तू जायचं की नाही ते तू ठरव. पण जाण्याआधी मला तुझं काम समजावून सांग. मी बी.कॉम. आहे, अगदीच ढ नाही." ती हसली. मग रोज रात्री अर्धा तास, ओट्यावर, आमचा वर्ग सुरू झाला. ती गुरू, मी विद्यार्थी, आणि सौ. मध्येच डोकावून म्हणायची, "यांना बँकेत तरी काही समजत होतं का विचार."

पहिल्या दिवशी तिने मला कागद-पेन दिलं. म्हणाली, "बाबा, समजा बँकेत एक नवीन क्लार्क आला आहे. तो कधी थकत नाही, कधी चुकत नाही, वाऱ्यासारखा काम करतो. पण त्याला स्वतःची अक्कल शून्य आहे. तुम्ही जे लिहून द्याल तेवढंच आणि तसंच करतो. त्याच्यासाठी लिहा, पैसे काढायची स्लिप आली तर काय करायचं."

मला वाटलं, हे तर डाव्या हाताचं काम. मी अकरा ओळी लिहिल्या. स्लिप घ्या, खाते क्रमांक पाहा, सही जुळवा, शिल्लक पाहा, पैसे द्या, वगैरे. तिने वाचलं आणि विचारायला लागली. सही जुळली नाही तर काय? ते तुम्ही लिहिलंच नाही. माणूस अंगठा लावतो, मग? खात्यात पाचशे आहेत आणि त्याने पाचशेच मागितले, तर द्यायचे का? खातेदार वारला असेल तर? स्लिपवर रक्कम अक्षरात एक आणि आकड्यात दुसरी असेल तर? तारीख ३१ फेब्रुवारी लिहिली असेल तर? मी चिडून म्हणालो, "अशी तारीख कोण लिहितो?" ती म्हणाली, "बाबा, लाखभर लोक आले की एक जण लिहितोच."

रात्री साडेदहापर्यंत माझ्या अकरा ओळींच्या पन्नासच्या वर झाल्या आणि तरी तिचे प्रश्न संपले नव्हते. मग म्हणाली, "हे माझं काम. टायपिंग त्यातलं सगळ्यात थोडं."

तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं. आपण समजतो, ही मुलं कंप्युटर चालवतात. चालवतो तर आता मीही. एमएस-सीआयटी केलेला कोणीही चालवतो. ही मुलं त्या अक्कलशून्य क्लार्कला आधीच सगळं लिहून देतात. असं झालं तर असं कर, तसं झालं तर तसं कर. आपल्या शाखेत जुना कॅशियर खिडकीतून चेहरा पाहून ओळखायचा की म्हातारी पोराच्या धाकाने पैसे काढते आहे. तो पाच मिनिटं स्लिप बाजूला ठेवायचा, 'बसा बाई' म्हणायचा. हे शहाणपण कोणत्याही नियमात लिहिलेलं नव्हतं. यंत्राला मात्र जे लिहिलं नाही ते नाहीच.

इथे आपल्याच गावाचं उदाहरण देतो, ते मला फार आवडलं. रेल्वेने उतरलात तर फलाटावरची पाटी सांगते 'वडसा'. तहसील कार्यालयात गेलात तर तालुका 'देसाईगंज'. आपल्याला यात काही अडत नाही. लग्नपत्रिकेवर आपण 'वडसा (देसाईगंज)' छापतो आणि पाहुणा बरोबर पोहोचतो. पण यंत्राच्या लेखी ही दोन गावं आहेत. इंग्रजीत तर वडसा कोणी डब्ल्यूने लिहितो, कोणी व्हीने, कोणी मध्ये एक 'ए' जास्त घालतो. म्हणजे झाली चार-पाच गावं. ज्याचं आधारवर देसाईगंज आहे आणि पासबुकावर वडसा, तो एकच माणूस आहे हे यंत्राला कोणीतरी बसून सांगावं लागतं. ते सांगणाऱ्याला आधी हे माहीत असावं लागतं की वैनगंगेच्या काठी असं एक दोन नावांचं गाव आहे. पुण्याच्या ऑफिसात कोणाला ते माहीत नसतं. सूनबाईला आता माहीत आहे.

आपण झाडीपट्टीची माणसं, म्हणून नाटकाचंही सांगतो. आपल्या गावात नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत, दिवाळीनंतर बुकिंगला कुठून कुठून लोक येतात. मंडईला, शंकरपटाला रात्रभर चाललेलं नाटक आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. नट एखादं वाक्य विसरला तर पडद्यामागून प्रॉम्प्टर सांगतो, समोरचा नट सावरून घेतो, नाहीतर पेटीवाला दोन सूर धरतो आणि वेळ निभावतो. प्रेक्षकांना कळतही नाही. प्रोग्रॅम म्हणजे अशी संहिता की जिचे नट एक शब्दही पदरचा घालत नाहीत. लिहिणाऱ्याने 'प्रवेश संपतो' लिहायचं विसरलं तर ते सकाळपर्यंत उभेच राहतील. यालाच बहुधा 'हँग झालं' म्हणतात. (सूनबाई मान हलवते आहे, म्हणजे साधारण बरोबर आहे.)

आता चूक शोधण्याबद्दल. हा भाग मला तिच्यापेक्षा जास्त कळतो, असं माझं मत आहे.

यंत्रं येण्याआधी बँकेत खतावण्यांचं बॅलन्सिंग करावं लागे. प्रत्येक खात्याची शिल्लक काढायची, बेरीज करायची, ती जनरल लेजरशी जुळली पाहिजे. नाही जुळली की फरक. मी नवीन होतो, एका आतल्या भागातल्या शाखेत. माझ्या लेजरमध्ये फरक आला ६३ रुपयांचा. तेव्हा ६३ रुपये म्हणजे रक्कम होती, पण प्रश्न रकमेचा नव्हता. फरक सापडेपर्यंत रजा नाही. रोज शाखा बंद झाल्यावर कंदील लावून मी पानं उलटत होतो. माझे हेडक्लार्क सहाव्या दिवशी आले, म्हणाले, "किती फरक?" म्हटलं ६३. म्हणाले, "नऊने भाग जातो का बघ. जात असेल तर आकडे उलटे लिहिले आहेस. भागाकार सात आला ना? मग ज्या दोन आकड्यांत सातचं अंतर आहे तेवढेच शोध. नऊ-दोन, आठ-एक, सात-शून्य." अर्ध्या तासात सापडलं. ७९२ च्या जागी मी ७२९ ओढले होते. माझ्याच हाताने. सहा दिवस मी दुसऱ्यांची पानं तपासत होतो!

मुलांनो, घरी करून पाहा. शेजारचे कोणतेही दोन अंक उलटे लिहिले की फरकाला नऊने भाग जातोच. आणि फरक समसंख्या असेल तर त्याचा निम्मा आकडा शोधायचा, कदाचित जमेची रक्कम नावे पडली असेल.

हे मी सूनबाईला सांगितलं तेव्हा तिने लॅपटॉप बंद केला आणि म्हणाली, "बाबा, मी महिन्यातले पंधरा दिवस हेच करते." एके दिवशी मी तिला विचारलं होतं, आज किती ओळी लिहिल्या? म्हणाली, "आज चार ओळी काढून टाकल्या." दिवसभर बसून चार ओळी खोडल्या आणि कंपनी पगार देते, हे मला आधी पटलं नव्हतं. नंतर आठवलं, मीही सहा दिवस बसून एकच आकडा दुरुस्त केला होता आणि बँकेने माझा पगार कापला नव्हता.

सूनबाईचं पुण्याला जाणं जूनवरून दिवाळीवर गेलं. दिवाळीनंतर तिने विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. मधल्या काळात मी एक केलं. पेंटरकडून एक लहान पाटी करून घेतली आणि वरच्या जिन्याला लावली, 'कार्यालय. वेळ सकाळी १० ते सायं. ७'. दुसऱ्याच दिवशी समोरचे भाऊ विचारते झाले, "काहून जी साहेब, पतसंस्था उघडली का?" पण कुरिअरची पाकिटं थांबली.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हा विषय मागून घेतला.

सूनबाईची कंपनी लोकांचे मासिक हप्ते खात्यातून आपोआप कापण्याचं काम करणारे प्रोग्रॅम बनवते. मार्च २०२३ मध्ये त्यांच्याकडे तक्रारी यायला लागल्या. लोकांचे हप्ते परत जात होते आणि दंड बसत होता. सगळे म्हणत होते, खातेदाराने पैसे ठेवले नसतील, त्याची चूक. चार जण दोन दिवस शोधत होते. सूनबाईने सगळ्या तक्रारी एका यादीत मांडल्या आणि माझ्या हेडक्लार्कसारखं पाहिलं, या सगळ्यांत सारखं काय आहे? सारखं हे होतं की प्रत्येकाने हप्त्याची तारीख २९, ३० किंवा ३१ ठरवलेली होती.

काय झालं होतं ते पाहा. एका माणसाचा हप्ता ३१ तारखेला. ३१ जानेवारीला कापला. पुढचा हप्ता केव्हा? प्रोग्रॅमला सांगितलं होतं, मागच्या तारखेत एक महिना मिळव. फेब्रुवारीत ३१ नाही, म्हणून त्याने २८ धरली. ठीक आहे. पण मार्चमध्ये तो पुन्हा मागची तारीख पाहतो, ती २८, म्हणून २८ मार्च. एप्रिलमध्ये २८. त्या माणसाचा हप्ता आता कायमचा तीन दिवस अलीकडे आला. त्याचा पगार होतो महिन्याच्या शेवटच्या दिवशी. २८ तारखेला खात्यात काय असणार? हप्ता परत, वर दंड. आणि बोट कोणाकडे? त्याच्याकडे. तो बिचारा सांगत होता की मी ३१ तारीख दिली होती, पण पडद्यावर २८ दिसते म्हटल्यावर त्याचं कोण ऐकणार?

रात्री जेवताना सूनबाईने हे सांगितलं. म्हणाली, "दुरुस्ती सोपी आहे. मागची तारीख महिन्याचा शेवटचा दिवस असेल तर पुढची तारीखही महिनाअखेर धरायची." मी घास खाली ठेवला. म्हटलं, "थांब. आणि ज्याने मुळातच २८ तारीख दिली आहे, त्याचं काय? २८ फेब्रुवारी महिनाअखेर आहे म्हणून त्याचा मार्चचा हप्ता तू ३१ ला नेशील? त्याने २८ सांगितली ती काही कारणाने सांगितली असेल." ती माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हटलं, "आमच्या स्टँडिंग इन्स्ट्रक्शनच्या रजिस्टरमध्ये दोन रकाने होते. एकात ग्राहकाने सांगितलेली तारीख, लाल शाईने, तिला कधी हात लावायचा नाही. दुसऱ्यात या महिन्याची तारीख, पेन्सिलने. दर महिन्याची तारीख काढायची ती लाल शाईच्या रकान्यावरून, मागच्या पेन्सिलवरून कधीच नाही."

ती ताट तसंच ठेवून वर गेली. तासाभराने खाली आली. म्हणाली, "बाबा, आमच्याकडे लाल शाईचा रकानाच नव्हता." पुढच्या दोन दिवसांत तो रकाना झाला, ज्यांचे दंड कापले होते त्यांची यादी निघाली आणि त्यांचे पैसे परत करायला कंपनीने संबंधितांना कळवलं. कंपनीच्या सकाळच्या बैठकीत तिने सांगितलं की ही सूचना माझ्या सासऱ्यांची. पडद्यावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. निवृत्त होताना मला नारळ आणि शाल मिळाली होती, त्यापेक्षा मला हे बरं वाटलं.

इथे मला माझं जुनं पापही सांगितलं पाहिजे. बँकांत यंत्रं येणार म्हटल्यावर मी युनियनच्या मोर्चात होतो. १९८३ साली बँका आणि कर्मचारी संघटनांचा करार झाला तो किती यंत्रं आणायची, कुठे आणायची याला मर्यादा घालूनच झाला. १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला, तेव्हा आम्ही तो न वाचताच शिव्या दिल्या होत्या. १९९९ च्या अखेरीस, आपण इथे चुना टाकून प्लॉट आखत होतो तेव्हा, वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहून ठेवणारी यंत्रं २००० ला १९०० समजतील या धास्तीने मी शाखेतल्या सगळ्या शिल्लकींच्या छापील याद्या कपाटात ठेवल्या होत्या. मनात म्हणत होतो, बुडाली तर बरं होईल, आमचं लेजर परत येईल.

पण एक गोष्ट त्या यंत्राशिवाय झाली नसती, ती मी मान्य करतो. बचत खात्यावर व्याज कसं मिळायचं आठवतं? महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर. रिकाम्या खात्यात एखाद्या बाईने ११ तारखेला दहा हजार भरले तर त्या महिन्याचं व्याज शून्य. किती कास्तकारांना मी हे खिडकीतून समजावलं असेल! तो म्हणायचा, "साहेब, वीस दिवस पैसा तुमच्याजवळ होता ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. हजारो खात्यांची रोजची शिल्लक धरून हाताने व्याज काढणं शक्यच नव्हतं, एवढंच खरं उत्तर. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने रोजच्या शिल्लकीवर व्याज लागू केलं. तेव्हाच्या साडेतीन टक्के दराने त्याच बाईला त्याच महिन्याचे १९ रुपये १८ पैसे मिळायला लागले. कुठल्या तरी खोलीत बसून कोणीतरी ते लिहून दिलं असणार. त्यांच्याही सासऱ्याला वाटत असेल, पोरगी घरी बसून काय करते.

मागच्या आठवड्यात आपल्या गुरुजींनी मला गाठून विचारलं, "आता ते एआय म्हणे सगळं आपणच लिहिते. मग तुमच्या सुनेचं कसं?" मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "लिहितं. मीही लिहून घेते. पण ते लिहिलेलं ओळ न ओळ मला तपासावं लागतं, आणि चुकलं तर जबाबदार मी." आमच्याकडेही हेच होतं. व्हाउचर लिहिणारा एक, पास करणारा दुसरा, आणि लाल शाईची सही ज्याची, मान त्याची. मग मी तिला खोदून विचारलं, माणसं कमी लागतील का? तर ती गोड बोलली नाही. "कदाचित लागतील," म्हणाली. आमच्या मोर्चातली भीतीही सगळी खोटी नव्हती. लेजर लिहिणारा क्लार्क आज कोणत्या शाखेत दिसतो, सांगा. तेव्हा ज्यांची पोरं या मार्गाला आहेत त्यांनी पोरांना विचारत राहा. नुसतं "पगार किती?" विचारू नका. "आज काय अडलं होतं?" असं विचारा. मी हा प्रश्न रोज विचारतो. निम्म्या दिवशी उत्तर समजत नाही, पण ती सांगते.

आणि ही कामं मोठ्या शहरातल्यांचीच, असं म्हणू नका. १९९१ साली पुण्यात परम ८००० हा महासंगणक ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला ते डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे आपल्याच गावात थांबते, पण हिच्या कामाला रेल्वेही लागत नाही. लागते ती वीज, इंटरनेट, आणि तिच्या खोलीचं दार विनाकारण न वाजवणारी माणसं.

सचिव घड्याळ दाखवत आहेत. शेवटचं सांगतो, ते कामाचं आहे. आज रात्री दहाला नाटक आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने अकराला पडदा उघडेल. मंडपाची लाईन आमच्या बाजूच्या डीपीवरून घेतली आहे. आज रात्री साडेदहा ते साडेबारा सूनबाईचं दुरुस्ती चढवायचं काम आहे. तारीख कंपनीने ठरवली, तिला बदलता आली नाही, म्हणून ती नाटकाला नाही. मी मंडपवाल्याला सांगितलं आहे, तुम्हालाही सांगतो, त्या दोन तासांत दिवे गेले, पंखा अडला, आवाज आला नाही, काहीही झालं तरी मेनला कोणी हात लावायचा नाही. आधी मला हाक मारायची. मी खुर्ची टाकून डीपीजवळच बसणार आहे. ज्यांना नाटकापेक्षा गप्पा प्रिय असतील त्यांनी तिकडे यावं. चहा थर्मासमध्ये मी स्वतः करून आणतो.